साडेसहा नंबरचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्यातील एका दुपारी मी सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या टॉवेलच्या कारखान्यातून बाहेर आलो, स्कूटरच्या डिकीतून डबी काढून चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरचे फाटक मला धुक्यातून पाहावे तसे पांढुरके दिसले. आधी वाटले, काचेवर धूळ बसली असेल. काच पाण्याने धुतली, रुमालाने टिपली, तरी तो पांढुरकेपणा जाईना. मग काच उजेडात तिरकी धरून पाहिली, तेव्हा आटलेल्या तळ्याचा तळ भेगाळावा तसे केसाएवढे बारीक तडे दोन्ही काचांवर पसरलेले दिसले. चष्मा जेमतेम चौदा महिन्यांचा होता आणि त्यासाठी मी अकरा हजार रुपये मोजले होते.

तो डिकीत का होता, हेही सांगितले पाहिजे. उन्हाळ्यातील धूळ आणि गरम वारा यांनी नवी काच खराब होऊ नये म्हणून गाडी चालवताना मी जुना चष्मा घालत असे आणि नवा डबीत ठेवून जपून नेत असे. त्या दिवशी कारखान्यात पोहोचताच ट्रक भरण्याच्या कामात अडकलो, जुन्याच चष्म्यावर काम भागवले आणि नवा चार तास उन्हात तापलेल्या डिकीत पडून राहिला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंद डिकीतली उष्णता तर त्याहून कितीतरी जास्त असते. ज्या काळजीपोटी मी तो डबीत ठेवला, त्या काळजीनेच तो गेला.

दुकानदाराने काच हातात घेताच निदान केले. "हे उन्हानं झालंय साहेब, याला वॉरंटी नाही." त्याचे म्हणणे खरेच होते. आपण जिला काच म्हणतो ती आता बहुधा प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर चमक मारू नये म्हणून धातूंच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर चढवलेले असतात. उष्णतेने प्लॅस्टिक जितके प्रसरण पावते तितके हे थर पावत नाहीत, त्यामुळे खालचा पृष्ठभाग ताणला गेला की वरचा थर तडकतो आणि एकदा तडकला की तो पुसून, घासून किंवा नव्याने चढवून नीट होत नाही, पूर्ण काचच बदलावी लागते. माझी तक्रार तो तडकला याबद्दल नाही. ज्या शहरात वर्षाचे तीन महिने ऊन माणसाला भाजून काढते, त्या शहरात अकरा हजारांची वस्तू हातात देताना "उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका" हे एक वाक्य कोणी बोलले नाही, याबद्दल आहे. फ्रेम निवडताना मात्र मला आरशासमोर अर्धा तास बसवले होते.

चष्म्याचा व्यवहार दागिन्यासारखा केला जातो आणि त्याची गरज मात्र हातापायांसारखी असते, ही माझी खरी खंत आहे. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेसहा आहे. नंबर म्हणजे डायॉप्टर, आणि उणे नंबर असेल तर एक मीटरला त्या आकड्याने भागले की उघड्या डोळ्यांनी जिथवर स्पष्ट दिसते ते अंतर मिळते. माझ्या बाबतीत हे अंतर सुमारे १५ सेंटिमीटर भरते, म्हणजे शाळेतल्या पट्टीच्या निम्म्याएवढे. त्यापलीकडचे सारे जग, पत्नीचा चेहरा, घड्याळ, जिन्याची पायरी, मला चष्म्याशिवाय नुसते रंगांचे ठिपके म्हणून दिसते. रात्री झोपताना चष्मा मी गेली कित्येक वर्षे उशीच्या डाव्या बाजूच्या फडताळात एकाच जागी, काचा वर करून ठेवतो आणि घरातील कोणीही त्या जागेवर दुसरी वस्तू ठेवत नाही. ज्याला चष्मा नाही, किंवा ज्याला अर्ध्या-पाऊण नंबराचा आहे, त्याला ही शिस्त विचित्र वाटेल. पहाटे दिवे गेले असताना हात नेमका त्या जागी पडणे म्हणजे काय, हे साडेसहा नंबरवाल्यालाच ठाऊक असते.

बारीकसारीक त्रासांची यादी मी देणार नाही, पण एक-दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. उन्हाळ्यात नाकावर घाम आला की चष्मा खाली घसरतो, आणि लोकांना वाटते की हा केवळ वारंवार बोटाने वर ढकलण्याचा त्रास आहे. उणे नंबराची काच डोळ्यापासून जितकी दूर जाते तितकी तिची ताकद कमी पडते, आणि मोठ्या नंबराला हा फरक चांगलाच जाणवतो. तीन-चार मिलिमीटर चष्मा घसरला की मला समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचता येत नाही. त्यात मला सिलिंडरचाही, म्हणजे एका दिशेपुरता वेगळा, नंबर आहे, आणि सिलिंडरची काच विशिष्ट अंशातच बसावी लागते. हेल्मेट काढताना एक काडी जराशी वाकली आणि चष्मा चेहऱ्यावर तिरका बसू लागला, की तो अंश सरकतो आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकू लागते. दुसरी गोष्ट नाकावरच्या पॅडची. धातूची फ्रेम वर्ष-सहा महिने वापरली की पॅडच्या खाली हिरवट, चिकट थर साचतो. पुष्कळ लोक त्याला मळ समजतात, पण फ्रेमच्या धातूतील तांब्याची घामाशी प्रक्रिया होऊन तो तयार होतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतो तोच हा कळकट हिरवेपणा आहे. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पॅडचे जे दोन लांबट खड्डे पडले आहेत, ते आता चष्मा काढल्यावरही बुजत नाहीत.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी चष्म्यातून जवळचेही दिसेनासे झाले आणि प्रोग्रेसिव्ह काच घ्यावी लागली. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग कडक होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर जुळवण्याची त्याची शक्ती कमी होते. हे सर्वांनाच होते, त्यात रोग असा काही नाही. प्रोग्रेसिव्ह काच फ्रान्समध्ये १९५९ साली बाजारात आली, म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, तरी तिची मूळ अडचण अजून सुटलेली नाही. वरच्या भागात लांबचा, खालच्या भागात जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा नंबर, अशी रचना एकाच काचेत करायची म्हटले की दोन्ही कडांना दृश्य वेडेवाकडे होणे अटळ असते. मधला स्पष्ट पट्टा रुंद असलेली काच महाग आणि अरुंद असलेली स्वस्त. स्वस्त काच घेतली तर खतावणीच्या एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना डोळे नव्हे, सबंध मान फिरवावी लागते. पहिले तीन आठवडे मी जिना उतरताना कठड्याला धरून उतरत असे, कारण खाली पाहिले की पायरी तरंगत्या फळीसारखी वाटे.

ही काच बसवताना दोन मापे अत्यंत महत्त्वाची असतात, दोन बुबुळांमधील अंतर आणि फ्रेम चेहऱ्यावर असताना बुबुळाची उंची. २०२१ साली माझा पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा ज्या दुकानात झाला तिथे दुसरे माप घेतलेच नाही. फ्रेम डोळ्यांवर चढवून काचेवर पेनने खूण करायला दोन मिनिटे लागतात, तीही कोणी काढली नाहीत. चष्मा आला, वाचण्याचा भाग इतका खाली बसला होता की हनुवटी छतापर्यंत उचलल्याशिवाय अक्षर लागेना, आणि मी तक्रार घेऊन गेलो तर "सवय होईल" असे सांगून मला परत पाठवले. मी महिनाभर सवय होण्याची वाट पाहिली. नंतर दुसऱ्या एका जाणकार माणसाने मोजून दाखवले, तेव्हा चूक काचेची नसून बसवणीची होती हे कळले. साडेनऊ हजार रुपयांच्या त्या चष्म्याने मला महिनाभर डोकेदुखी दिली आणि वर दोष माझ्याच सवयीला लावला गेला, हे मी विसरू शकलेलो नाही.

आता पैशांचे बोलतो. मी पेशाने हिशेबनीस आहे आणि २००१ साली नोकरीला लागल्यापासून स्वतःच्या खर्चाची वही ठेवतो. त्या वहीप्रमाणे मी आजवर १५ वेळा चष्मा केला किंवा काचा बदलल्या आणि त्यांवर ५१,९०० रुपये खर्च झाले. पहिले आठ चष्मे मिळून आठ हजारांत झाले होते. शेवटच्या तीन वेळा मिळून जवळजवळ तीस हजार गेले. फ्रेमची किंमत दिसते, घासाघीस करता येते, साधी फ्रेम घेऊन खर्च वाचवता येतो. खरा पैसा काचेत जातो आणि काचेबद्दल गिऱ्हाइकाला काहीच सांगितले जात नाही.

साध्या प्लॅस्टिकच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या तिच्या क्षमतेचा आकडा, दीडच्या आसपास असतो. त्यानंतर १.६०, १.६७ आणि १.७४ अशा चढत्या पायऱ्या येतात. अंक जितका मोठा तितकी त्याच नंबराची काच पातळ होते आणि तितकी किंमत चढते. साडेसहा नंबरला साधी काच घेतली तर तिच्या कडा बाटलीच्या बुडासारख्या जाड दिसतात, म्हणून पातळ काच घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. दुकानात मात्र "पातळ", "अतिपातळ", "प्रीमियम" असे शब्द कानावर पडतात, अंक कोणी उच्चारत नाही आणि बिलावर तर तो कधीच लिहिलेला नसतो, त्यामुळे एका दुकानातील अतिपातळ आणि दुसऱ्या दुकानातील अतिपातळ एकच आहेत की वेगवेगळ्या, हे ताडून पाहण्याचा मार्गच उरत नाही. पातळ काचेचे तोटेही असतात. ती प्रकाश अधिक परावर्तित करते. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून ८ टक्के प्रकाश परत फिरतो, तर १.६७ च्या काचेवरून १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तिला चमक रोखणारे कोटिंग घ्यावेच लागते आणि तेच कोटिंग आमच्या उन्हात तडकते. शिवाय तिच्या कडेने पाहिले की पांढऱ्या अक्षराच्या बाजूला निळी-तांबडी किनार दिसते. मी ती रोज संगणकाच्या पडद्यावर पाहतो.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मला इतक्या वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, एका वयस्क चष्मेवाल्याने सांगितली. उणे नंबराची काच मधोमध पातळ असते आणि कडेला जाडी वाढत जाते, म्हणून फ्रेम लहान घेतली आणि तिच्या काचांचे मध्य आपल्या बुबुळांच्या समोर आले, तर जाड कडा कापल्या जाऊन आपोआप निघून जातात. मोठी, चौकोनी, सध्या चालणारी फ्रेम घेऊन तिच्यात १.७४ ची महागडी काच बसवण्यापेक्षा लहान गोल फ्रेममध्ये १.६० ची काच अनेकदा दिसायलाही बरी आणि खिशालाही हलकी पडते. हे सत्य भूमितीचे आहे, त्यात कोणाचे गुपित नाही. मला आजवर मोठ्या फ्रेम दाखवणाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नसेल, असे मी मानायला तयार नाही.

तडकलेल्या काचा बदलायला मी ९,४०० रुपये भरले. त्या वेळी कर १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्याच्या काचा, फ्रेम आणि नंबरचे चष्मे यांच्यावरील वस्तू आणि सेवा कर ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. अकरा हजारांच्या चष्म्यामागे त्याने सुमारे सातशे रुपये वाचतात आणि सातशे रुपयांत आमच्या घरी महिन्याची ज्वारी येते. आरोग्य विम्याचा मात्र इथे काडीचा आधार नाही. माझ्या पॉलिसीत चष्म्याचा खर्च धरलेला नाही आणि नंबर काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेबाबत साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोष असेल तर खर्च मिळणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. हे कलम आपल्या देशातील विमा पॉलिसींमध्ये एकाच साच्याचे असते. मी साडेसहावर आहे. ज्याला १५ सेंटिमीटरपलीकडे दिसत नाही, त्याचा दोष विम्याच्या लेखी पुरेसा मोठा ठरत नाही.

हे सगळे माझ्यासारख्या पगारदार माणसाचे झाले. माझ्या मनाला खरी बोच आहे ती अप्पांची.

माझे वडील पूर्व भागातील एका यंत्रमागावर चादरी विणत असत. मजुरी नगावर होती, जितक्या चादरी उतरतील तितके पैसे. ताण्याचा दोरा तुटला की माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, ते सुईच्या नेढ्यासारख्या छिद्रातून आणि पुढे फणीच्या फटीतून ओवून गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा, हे काम एका पाळीत कितीतरी वेळा करावे लागते. अप्पांचे वय पंचेचाळीसच्या पुढे गेले आणि त्यांना ते छिद्र दिसेनासे झाले. लांबचे सगळे त्यांना स्वच्छ दिसे, घरातून सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक ते कोणाच्याही आधी ओळखत, त्यामुळे डोळे अधू झाले असे त्यांना वाटलेच नाही. ते बोटांनी चाचपून दोरा ओवत. वेळ जाई, माग थांबून राही, विणीत दोष राहून जाई आणि दोषाच्या चादरीचे पैसे कापले जात. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि ते संध्याकाळी दिव्याखाली हात लांब धरून वर्तमानपत्र वाचत, हे रोज पाहत होतो. पाहून काही समजलो नाही. १९९६ साली त्यांनी माग सोडला आणि कांड्या भरण्याच्या कमी मजुरीच्या कामाला लागले. "हात चालत नाही आता," एवढेच ते म्हणाले.

हात चालत होते. त्या काळी शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणारा जवळच्या नंबराचा साधा चष्मा त्यांना मागावर आणखी दहा वर्षे उभा ठेवू शकला असता. हे मला बऱ्याच उशिरा, आसाममधील चहाच्या मळ्यांत झालेल्या एका अभ्यासाविषयी वाचले तेव्हा उमगले. चाळिशी ओलांडलेल्या आणि कधीच चष्मा न वापरलेल्या मजुरांपैकी काहींना जवळचे चष्मे दिले, आणि चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले होते. पाने तोडणे हे दोरा ओवण्याइतके बारीक काम नव्हे. मग आमच्या मागांवर, विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपांपुढे, शिलाईच्या यंत्रांपुढे किती मजुरी केवळ न दिसल्यामुळे बुडत असेल, या विचाराने मला आजही स्वस्थ बसवत नाही. आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या एका बाईंना मी टॉवेल डोळ्यांपासून हातभर दूर धरताना पाहिले, तेव्हा त्याच आठवड्यात त्यांना नंबर काढून घ्यायला लावले. त्यांचा चष्मा तीनशे रुपयांत झाला.

माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या बाईंनी सांगितले की ती फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. १९७६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांचे डोळे तपासून गरजूंना मोफत चष्मे देण्याची सोय आहे, आणि ज्या घरांत दोन हजार रुपये सहज निघत नाहीत त्यांनी ती अवश्य मागून घ्यावी. आमच्याकडे मी तिला स्वतः घेऊन गेलो. नंबर उणे पावणेदोन निघाला. नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो लग्नापर्यंत चष्मा सुटेल का, हा. मुलगी ऐकत होती. मी त्यांना म्हणालो, "मावशी, तिला फळा दिसायला हवा, तेवढंच बघायचंय आत्ता." डॉक्टरांनी तिला रोज मोकळ्यावर, सूर्यप्रकाशात वेळ घालवायला सांगितले आहे, म्हणून ती आता संध्याकाळी ऊन कलल्यावर माझ्याबरोबर कंबर तलावापर्यंत चालत येते.

चष्मा त्याच वयस्क माणसाकडे केला. फ्रेम लहान, तिच्या चेहऱ्याला बेताची, काच साधी दीडची, कारण पावणेदोनला पातळ काच लागतच नाही असे त्यांनी स्वतःहून सांगितले. बिल अठराशे रुपये झाले. काचेचा अंक, कोटिंगचे नाव आणि बुबुळांतील अंतर बिलावर लिहून द्या, अशी मी विनंती केली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पेन घेतले आणि छापील ओळींच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिले, १.५०, ५८ मिलिमीटर. त्याखाली आणखी एक ओळ त्यांनी न सांगता घातली, ती अशी, "उन्हात गाडीत ठेवू नये." घरी आल्यावर मी माझी खर्चाची वही काढली आणि माझ्या पंधरा नोंदींच्या खाली एक ओळ सोडून तिची पहिली नोंद केली. अप्पा शेजारी बसून, गळ्यातल्या दोरीला अडकवलेला आपला चष्मा नाकावर चढवून, ते बिल पुन्हा पुन्हा वाचत होते.